बाबूराव पेंटर : पडद्यावरील लढाईचा आद्य चित्रकार

मराठी वाङ्मयातील शिवकालीन लढायांच्या वर्णनांचा विचार करताना बखर, पोवाडा, ऐतिहासिक कादंबरी आणि नाटक या चार प्रकारांचा परामर्श सामान्यतः घेतला जातो. याच परंपरेचा पाचवा दुवा असलेला चित्रपट मात्र वाङ्मयाच्या अभ्यासात बहुधा परिघावर राहतो. वास्तविक आजच्या मराठी माणसाच्या मनात सिंहगडची किंवा पावनखिंडीची लढाई ज्या रूपात वसते, ते रूप बखरीतून आलेले नाही आणि कादंबरीतूनही थेट आलेले नाही. ते पडद्यावरून आले आहे. हे रूप मराठी पडद्यावर घडविण्याचा आरंभ ज्यांनी केला, त्या कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या जीवनाचा आणि कार्याचा या दृष्टीने विचार करणे उद्बोधक ठरते.

१. घडण

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे होते. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम अशा अनेक कलांत निष्णात होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही आणि कोणत्याही कलाविद्यालयाचे संस्कारही त्यांच्यावर झाले नाहीत. हत्यार हाती धरून आणि वडीलधाऱ्यांचे काम पाहून जे शिकता येते, ते त्यांनी आत्मसात केले. चुलतबंधू आनंदराव हे त्यांचे सहाध्यायी आणि सहकारी होते. चित्रकामामुळे या दोघांच्या नावापुढे लागलेले पेंटर हे उपपद पुढे त्यांचे आडनावच बनले.

शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीतील कोल्हापूर हे कलांना आणि मल्लविद्येला आश्रय देणारे नगर होते. अबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार येथे वावरत होता, नाटकमंडळ्यांचे मुक्काम पडत होते, आणि १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात कुस्त्यांचे फड रंगत होते. बाबूरावांच्या पुढील कार्याला लागणारी तिन्ही द्रव्ये, म्हणजे चित्रदृष्टी, नाट्यदृष्टी आणि कसलेली शरीरे, त्यांना या एकाच गावात लाभली.

मेस्त्री बंधूंचा लौकिक प्रथम झाला तो नाटकाच्या पडद्यांमुळे. किर्लोस्कर, गंधर्व आणि ललितकलादर्श या मंडळ्यांसाठी त्यांनी रंगविलेले पडदे त्या काळी नावाजले गेले. राजवाडा, अरण्य, रस्ता, किल्ल्याचा दरवाजा ही स्थळे सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण करून उभी करणे हे त्यांचे काम होते. नाटकात लढाई प्रत्यक्ष दाखविण्यास मर्यादा असत. ती बहुधा पडद्यामागे होई आणि तिची वार्ता दूताच्या तोंडून प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. फार तर दोन नटांची तलवारबाजी रंगमंचावर घडे. पडदा रंगविणाऱ्या चित्रकाराला ही मर्यादा इतरांहून अधिक जाणवली असल्यास नवल नाही. किल्ला तो रंगवू शकत होता, परंतु त्या किल्ल्यावर माणसे चढवू शकत नव्हता.

२. कॅमेऱ्याचा ध्यास

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला आणि मेस्त्री बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. परदेशी यंत्रसामग्री विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा कॅमेरा स्वतःच तयार करण्याचे त्यांनी ठरविले. हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीची उभारणी झाली. तिच्या भांडवलाची मोठी जबाबदारी गायिका तानीबाई कागलकर यांनी उचलली, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून नोंदविण्याजोगी आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रकाशित झाला. स्त्री-भूमिका स्त्रियांनीच करण्याचा प्रघात बाबूरावांनी येथे पाडला. लोकमान्य टिळकांनी चित्रपटाचा गौरव करून त्यांना सिनेमाकेसरी ही पदवी दिली. मात्र या यशाला एक किनार होती. भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका प्रत्ययकारी झाला की त्यावर आक्षेप येऊन तो भाग गाळावा लागला. हा प्रसंग वाङ्मयाच्या अभ्यासकास अर्थपूर्ण वाटेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती ती त्यातील रूपकामुळे. नाटकातील शब्दांनी सरकार अस्वस्थ झाले होते. चित्रपटात शब्द नव्हते, तेथे हिंसेचे नुसते दर्शनच आक्षेपार्ह ठरले. द्वंद्व पडद्यावर दाखविण्याचे सामर्थ्य आणि त्यातील धोका या दोहोंचा अनुभव बाबूरावांना पहिल्याच कृतीत आला.

३. ‘सिंहगड’ : बखर, पोवाडा, कादंबरी आणि पडदा

१९२३ मध्ये आलेला ‘सिंहगड’ हा बाबूरावांचा पहिला ऐतिहासिक चित्रपट. लढाईच्या चित्रणाच्या दृष्टीने त्यांच्या कार्यातील हा मध्यवर्ती टप्पा होय. त्याचा आधार हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी हा होता. त्यामुळे या चित्रपटाचा विचार करण्यापूर्वी ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचे वाङ्मयातील स्थित्यंतर लक्षात घेणे आवश्यक ठरते.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे रचलेल्या बखरीत हा प्रसंग थोडक्यात येतो. निवडक पाचशे मावळ्यांसह तानाजी मालुसरे कडा चढून जातात, उदेभान राठोडाशी त्यांची गाठ पडते, दोघेही एकमेकांच्या वारांनी पडतात, आणि तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरून किल्ला घेतो. कडा चढणाऱ्यांना सभासद वानरांची उपमा देतो. घोरपडीचा उल्लेख तो करीत नाही. यशवंती घोरपड, रायबाच्या लग्नाचे निमित्त आणि वृद्ध शेलारमामा ही सामग्री येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये संपादिलेल्या पोवाडासंग्रहामुळे ती सुशिक्षित वाचकांपर्यंत पोहोचली. हरिभाऊंनी या सामग्रीत कादंबरीला आवश्यक असे स्वतंत्र कथासूत्र गुंफले. उदेभानाने बळाने आणलेली राजपूत विधवा कमलकुमारी हे त्या सूत्राचे केंद्र. तिच्या सुटकेमुळे किल्ल्याच्या लढाईला राजकीय हेतूबरोबर नैतिक हेतूही प्राप्त झाला आणि उदेभान हा शत्रुपक्षाचा किल्लेदार न राहता खलनायक बनला.

अशा रीतीने बाबूरावांच्या हाती जी लढाई आली ती तीन वेळा संस्कारित झालेली होती. त्यांचे स्वतःचे कार्य त्यापुढील आहे. पोवाड्यातील अद्भुत आणि कादंबरीतील भावना यांना त्यांनी स्थळ, काळ आणि प्रकाश दिला. सपाट रंगीत पडद्यांऐवजी घनरूप नेपथ्य उभारण्याची पद्धत कंपनीत दामले व फत्तेलाल यांच्या साहाय्याने रूढ झाली होती. पात्रांची वेशभूषा, उभे राहण्याची ढब, दृश्याची मांडणी यांची रेखाटने बाबूराव आधी स्वतः काढीत आणि मग त्याबरहुकूम चित्रीकरण होई. ऐतिहासिक चित्र रंगविताना चित्रकार जसा पागोट्याचा पीळ आणि ढालीची कड यांचा विचार करतो, तसा तो येथे झाला. बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार, बाबूराव पेंढारकर आणि तरुण शांताराम वणकुद्रे ही या चित्रपटातील मंडळी. कोल्हापूरच्या मातीतील त्यांची अंगकाठी लढाईच्या दृश्यांना उपकारक ठरली.

सर्वांत महत्त्वाचा प्रयोग प्रकाशाचा होता. त्या काळच्या मंदगती फिल्मवर चित्रण करावयाचे तर प्रखर सूर्यप्रकाशाची आवश्यकता असे. सिंहगडची लढाई मात्र अंधाऱ्या रात्रीची. दिवसा चित्रित केलेल्या दृश्याला निळा रंग देऊन रात्र सुचविण्याचा संकेत जगभर प्रचलित होता. बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा वापर करून चांदणे आणि धुके यांचा परिणाम साधण्याचा प्रयत्न केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर यापासून सुरू झाला असे मानले जाते. याचा वाङ्मयीन अर्थ असा की, पोवाड्यात शाहिराच्या आवाजातून आणि कादंबरीत निवेदकाच्या वर्णनातून निर्माण होणारी रात्र आता प्रेक्षकासमोर प्रत्यक्ष अवतरली. निवेदक अदृश्य झाला. शाहिराचे वर्णन हे वर्णन आहे याचे भान श्रोत्याला असते. दृश्य पाहणारा मात्र आपण घटना पाहत आहोत असे मानू लागतो. पडद्यावरील लढाईची मोहिनी या बदलात आहे आणि तिच्यासंबंधीच्या पुढील सर्व वादांचे मूळही त्यातच आहे.

४. उत्तरकाळ

‘सिंहगड’च्या यशानंतर कंपनीने ‘सती पद्मिनी’ (१९२४), ‘कल्याण खजिना’ (१९२४), ‘राणा हमीर’ (१९२५) असे ऐतिहासिक चित्रपट दिले. १९२७ मध्ये शांताराम यांच्या दिग्दर्शनाचा आरंभ कंपनीच्याच ‘नेताजी पालकर’ने झाला आणि १९२९ मध्ये ‘बाजीप्रभू देशपांडे’ हा चित्रपट आला. म्हणजे शिवकालातील ज्या घटनांकडे मराठी चित्रपट आजही वळतो, त्यांतील बऱ्याचशा मूकपटाच्या या एका दशकात, एकाच संस्थेच्या अंगणात पडद्यावर येऊन गेल्या होत्या.

या सर्व काळात बाबूराव केवळ लढायांत रमले होते असे मात्र नाही. १९२५ मधील ‘सावकारी पाश’ ही शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची कथा नारायण हरि आपटे यांच्या कथेवर आधारलेली होती. तिच्यातील वास्तव चित्रणाची समीक्षकांनी पुढे फार प्रशंसा केली. समकालीन प्रेक्षकांनी मात्र तिला ‘सिंहगड’सारखा प्रतिसाद दिला नाही. ज्या कलावंताला शेतकऱ्याच्या झोपडीतील अंधार आणि किल्ल्याच्या तटावरील चांदणे सारख्याच सामर्थ्याने दाखविता येत होते, त्याला लोकांनी चांदण्यासाठी लक्षात ठेवले. ऐतिहासिक चित्रपटाचा पुढील विस्तार हा या लोकरुचीचा कौल आहे, हे विसरून चालणार नाही.

कंपनीचे सोबती हळूहळू दुरावले. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. ज्यांनी बाबूरावांच्या हाताखाली नेपथ्य, छायालेखन आणि अभिनय यांचे धडे घेतले, तेच आता स्पर्धक झाले. प्रभातने १९३० मध्ये शिवचरित्रावरील एक मूकपट तयार केला. त्याच्या ‘स्वराज्याचे तोरण’ या नावास परीक्षण मंडळाने हरकत घेतली आणि तो ‘उदयकाल’ या नावाने प्रकाशित झाला. १९३३ मध्ये शांताराम यांनी ‘सिंहगड’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून केला. त्याचाही आधार हरिभाऊंचीच कादंबरी. गुरूच्या चित्राला शिष्यांनी वाचा दिली. गुरूचा स्वतःचा मार्ग मात्र बोलपटाच्या आगमनाने अरुंद झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३०नंतर फार काळ टिकली नाही.

बाबूरावांनी यानंतर ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’चा बोलपट (१९३६), ‘प्रतिभा’ (१९३७) असे मोजके चित्रपट केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी ते शांताराम यांच्याबरोबर पुन्हा एकत्र आले. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा ओढा पुन्हा कुंचला आणि छिन्नी यांकडेच राहिला. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा पुतळा हे त्यांचे शिल्प होय. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. ज्या लढाईने त्यांना कीर्ती दिली, तिची फिल्म आज उपलब्ध नाही. त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोड्यांचे अंश राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकून आहेत आणि त्यांत ‘सिंहगड’ नाही. बखरीच्या प्रती सापडतात, पोवाडा छापलेला आहे, कादंबरी आजही मिळते. या मालिकेतील चौथी संहिता मात्र नष्ट झाली आहे. तिचा अभ्यास तिच्या परिणामांवरूनच करावा लागतो.

५. परिणाम

तो परिणाम मात्र अद्याप ओसरलेला नाही. भालजी पेंढारकर यांनी ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आणि ‘पावनखिंड’ (१९५६) यांतून ही परंपरा बोलपटात दृढ केली. दूरदर्शन मालिकांच्या काळात श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये (१९८८) शिवकाल आला, २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ ही मराठी मालिका आली, आणि ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२), ‘सुभेदार’ (२०२३) अशी चित्रपटांची नवी मालिकाच सुरू झाली. २०२० च्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात संगणकाच्या साहाय्याने कडे उभारले गेले. त्यातील प्रचंड तोफेचे कथानक बखरीत नाही, पोवाड्यात नाही आणि कादंबरीतही नाही. परंतु उदेभानाने बंदिवान केलेली राजपूत स्त्री त्या चित्रपटातही आहे. हरिभाऊंनी कथेच्या गरजेसाठी निर्माण केलेले सूत्र शंभर वर्षांहून अधिक काळ पडद्याच्या आश्रयाने जगले आणि आजच्या प्रेक्षकाला ते इतिहासच वाटते. कल्पित वाङ्मय इतिहासाच्या पदवीला कसे पोहोचते, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत क्वचितच आढळेल.

पडद्याने ज्या लढाया निवडल्या त्यांइतक्याच त्याने बाजूला ठेवलेल्या लढायाही विचार करण्यासारख्या आहेत. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, आज कारखान्यांनी व्यापलेल्या निघोजे-महाळुंगे परिसराच्या शेजारी चाकण येथे संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेने या लहानशा भुईकोटाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने मूठभर शिबंदीनिशी तो सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. सैनिकी दृष्टीने या वेढ्याचे मोल मोठे आहे. एक छोटा किल्ला घेण्यास इतका काळ लागतो, तर सह्याद्रीतील गड घेण्यास किती लागेल, याचा धडा खानाला येथे मिळाला.

तरीही सिंहगड, पावनखिंड, प्रतापगड आणि लाल महाल यांना पडद्यावर जे स्थान लाभले, ते चाकणला लाभले नाही. याचे कारण वीरतेच्या उणिवेत नाही. ते बाबूरावांनी सिद्ध केलेल्या दृश्यरूपाच्या स्वभावात आहे. त्या रूपाला एक रात्र हवी असते, चढण हवी असते, समोरासमोरचे द्वंद्व हवे असते आणि नायकाचे बलिदान हवे असते. चाकणला कडा नाही, सपाट भूमी आणि खंदक आहे. तेथे एक रात्र नाही, चिखलातले दोन महिने आहेत. नायक मरत नाही, तो शर्थीने लढून किल्ला देतो आणि पुन्हा महाराजांच्या सेवेत रुजू होतो. तेथील शौर्य धीराचे, शिधा पुरवून खाण्याचे आणि पडलेली भिंत रातोरात पुन्हा रचण्याचे आहे. ‘सावकारी पाश’मधील दारिद्र्य प्रेक्षकांनी ज्या कारणाने दूर सारले, त्याच कारणाने हे शौर्यही पडद्याबाहेर राहिले असावे. पडद्याला संथ दुःख आणि संथ पराक्रम दोन्ही पेलत नाहीत, असा समज त्यातून रूढ झाला. मात्र संथ दुःख पडद्यावर सामर्थ्याने दाखविता येते हे स्वतः बाबूरावांनीच १९२५ मध्ये सिद्ध केले होते. म्हणून या समजाचा दोष माध्यमाकडे जात नाही.

६. समारोप

बाबूराव पेंटर यांनी इतिहास लिहिण्याचा दावा कधी केला नाही. ते चित्रकार होते आणि कादंबरीने दिलेल्या लढाईचे चित्र त्यांनी काढले. हे चित्र घटनेच्या जागी बसविण्याचे काम पुढील काळाने केले. त्यांच्या ‘सिंहगड’चे मूल्यमापन करताना म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. पहिली म्हणजे, स्वतःच्या हाताने बनविलेल्या कॅमेऱ्याने, दिव्यांच्या उजेडात, शिवकालीन रात्र उभी करणाऱ्या कारागिराची असामान्य कामगिरी. दुसरी म्हणजे, त्या रात्रीखेरीज दुसरी लढाई पाहण्याची सवयच उरू नये, अशी तिच्या अनुकरणातून निर्माण झालेली मर्यादा. पहिलीचे श्रेय निःसंशय बाबूरावांचे आहे. दुसरीचे उत्तरदायित्व त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ते त्यांच्या नंतरच्या दिग्दर्शकांचे, प्रेक्षकांचे आणि पोवाडा, कादंबरी व चित्रपट यांतील सीमारेषा स्पष्ट करून सांगण्यात उणे पडलेल्या वाङ्मयाभ्यासाचेही आहे.